पेन्सिलीतली विहीर

नागोजीमामांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला कॉफी मिळण्याआधी एक परीक्षा द्यावी लागे. माणूस टेकला न टेकला तोच मामा कपाटामागून एक लांबलचक गुंडाळी काढत, दिवाणावर मैसूर शहराचा नकाशा पसरत, चार कोपऱ्यांवर चार पितळी वाट्या उपड्या ठेवत आणि म्हणत, "ठेवा बोट. तुमचं घर कुठं हाय?" पाहुणा हसे. मामा हसत नसत. सुभद्रामामी कॉफीचे लोटे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खोळंबून उभी राहायची, कारण बोट ठेवल्याशिवाय कॉफी बाहेर आणायची नाही असा तिला हुकूम होता.

बहुतेकांची फजिती व्हायची. बँकेतले एक मॅनेजर जन्मापासून ज्या शहरात राहिले, त्याच्या नकाशावर त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं तळ्यात. "साहेब तळ्यात ऱ्हातात गे," मामा आतल्या दिशेनं ओरडले, "कॉफी कडक आण, भिजून आलेत." गोकुलम भागात योग शिकायला आलेली एक परदेशी मुलगी एकदा वाट चुकून आमच्या गल्लीत आली. तिलाही मामांनी सोडलं नाही. तिनं खाणाखुणा करून सांगितलं की माझं घर समुद्रापलीकडे आहे. मामांनी नकाशाच्या कडेकडे पाहिलं आणि खरोखरच्या दिलगिरीनं म्हणाले, "कागद अपुरा पडला."

माझं लग्न ठरायच्या वेळी मुलगा मला बघायला आला, तेव्हा आधी मामांनी मुलगा बघितला. हा नगरकडचा, नोकरीसाठी नुकताच मैसूरला आलेला, शुद्ध मराठी बोलणारा. आमचं कन्नड मिसळलेलं बोलणं ऐकून तो आधीच गांगरला होता. त्यात शेजारच्या घरी नेऊन त्याच्यासमोर नकाशा अंथरला गेला. दुसऱ्या खेपेला त्याला आपली भाड्याची खोली सापडली. मामांनी माझ्या वडिलांना निकाल कळवला, "पोराला आपण कुठं उभा हाय ते कळतंय. स्वल्प उशिरा कळतंय, पर्वागिल्ला." थोडं उशिरा, पण हरकत नाही. लग्न झालं, आणि गेली कित्येक वर्षं मी या 'स्वल्प उशिरा'चा अनुभव घेते आहे.

तेव्हा मला ही सगळी गंमत वाटायची. गमतीच्या खाली काय होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. आता ते कळलं आहे तर हसू येत नाही, आणि हसले होते याचं वाईट वाटतं.

आमच्या गल्लीतली मराठी घरं मूळची रंगाऱ्यांची. मामांचे वडील निळीच्या हौदाशी आयुष्यभर उभे राहिले, त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत म्हणे. धंदा बसला, आणि मामा शाळा संपवून शहराला पाणी पुरवणाऱ्या आणि सांडपाणी वाहून नेणाऱ्या एका सरकारी ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटले. ट्रेसर म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावरून रेघा गिरवणारा. नव्या वस्तीला नळ द्यायचा, ड्रेनेज वाढवायचं, की पहिला कागद मामांच्या टेबलावर यायचा. ट्रेसिंग झालं की त्याच्या प्रती काढायच्या. त्या काळी यंत्र नव्हतं. काचेच्या चौकटीत ट्रेसिंगखाली मसाला लावलेला कागद ठेवायचा, चौकट अंगणात उन्हात धरायची, मग तो कागद अमोनियाच्या पेटीत टाकायचा. शाईच्या रेघा निळ्या होऊन उमटायच्या. "बापाचा हौद सुटला, निळं काय सुटलं न्हाय," असं मामा म्हणायचे आणि बोटांची टोकं दाखवायचे.

उन्हात चौकट किती वेळ धरायची याला घड्याळ चालत नसे. मामांकडे पाढा होता. शाळा त्यांची कन्नड, पण पाढे घरचे, वडिलांनी निळीच्या हौदापाशी पाठ करून घेतलेले. भर दुपारच्या उन्हाला तेराचा पाढा एकदा, सकाळच्या उन्हाला दोनदा. तेरा दाहे एकशे तीस म्हटलं की चौकट सावलीत. त्यांच्या हाताखाली मी ट्रेसर म्हणून लागले तेव्हा पहिला आठवडा त्यांनी मला पेन हातात दिलं नाही, नुसता पाढा म्हणायला लावला.

ऑफिसचा एक नियम होता, आणि मामा त्या नियमाचे भक्त होते. काम सुरू करण्याआधी त्याच्या नकाशाची एक प्रत फाटकाजवळच्या फळ्यावर तीस दिवस लावायची. ज्याच्या दारावरून पाइप जाणार त्यानं येऊन बघावं, काही म्हणणं असेल तर लेखी द्यावं. इतर ऑफिसांत असे कागद लागत आणि उन्हापावसात गळून पडत. आमच्याकडे मामा जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून फळ्याखाली स्टूल टाकून बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, "बा इल्ली, ये इकडं, बोट ठेव, तुझं घर कुठं हाय बघू." भाजीवाल्या, रिक्षावाले, पेन्शनर, सगळे बोटं ठेवून जात. मी एकदा विचारलं, "मामा, नोटीस लावली की ऑफिसचं काम संपलं. हे तुमचं काय मध्येच?" ते म्हणाले, "कागद लावला म्हंजे सांगितलं असं न्हाय गे. बारशाच्या दिवशी लग्नाची पत्रिका दिली, तर त्याला बोलावणं म्हणतात काय? आधी कळलं पाहिजे, आणि त्याला कळलं पाहिजे." एवढं बोलून ते गप्प झाले आणि बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.

त्यांच्या अशा गप्प होण्याचीही आम्हाला सवय झाली होती. त्यांच्या काही गोष्टी विचित्रच होत्या. घरात पेन्सिल चालत नसे. मामी वाणसामानाची यादीसुद्धा पेननं लिहायची. भाच्याची मुलं सुट्टीला आली की त्यांच्या दप्तरातल्या पेन्सिली दाराबाहेरच्या कोनाड्यात काढून ठेवाव्या लागत, चपलांसारख्या. मामीनं सारात मीठ जास्त घातलं आणि "कसं झालंय?" म्हणून विचारलं की मामा ताटाकडे बघत म्हणायचे, "हरकत आली नाही." हे वाक्य ते ऑफिसच्या शेऱ्यासारखं शुद्ध भाषेत म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा होई की मामी पुन्हा विचारत नसे.

आणि पाढा. बोलता बोलता, विशेषतः दुपारी अंगणात ऊन आलं की, मामा स्वतःशी तेराचा पाढा सुरू करत. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेरा साती एक्क्याण्णव म्हटलं की थांबत. पुढे कधीच जात नसत. प्रती काढायचं यंत्र आल्यावर पाढ्याची गरज उरली नाही, तरी हा सुटला नाही. एकदा मी थट्टेनं पुढचं म्हटलं, "तेरा आठी एकशे चार." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बंद खोलीचं दार ढकललं होतं. मला भीतीच वाटली. त्या दिवसानंतर मी तो पाढा पुरा केला नाही.

ते निवृत्त झाले, ट्रेसिंगचे कागद गेले, संगणक आले. मी परीक्षा देत देत ड्रॉइंग विभागाची प्रमुख झाले. मामा अधूनमधून ऑफिसात येऊन बसायचे. बोगादीच्या पुढच्या नव्या वस्त्यांना ड्रेनेज द्यायचं काम निघालं होतं, त्याचा नकाशा मी पडद्यावर दाखवत होते. मामा खुर्ची पुढे ओढून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आमची पेन्सिल आता कुठं असते?"

मला चटकन कळलं नाही. त्यांनी आठवण करून दिली. ट्रेसिंगच्या काळी ज्या घराची सरकारदरबारी नोंद आहे ते शाईत काढायचं आणि ज्याची नाही ते पेन्सिलीत, अशी ऑफिसची रीत होती. घर तर आहे, पण उद्या उठवलं जाऊ शकतं, मग खोडायला सोपं. मी म्हटलं, "आता ते सगळं वेगळ्या थरात असतं मामा." आणि माऊस दाबून दाखवलं. एक बटण दाबलं की करड्या रंगाची सगळी घरं दिसायची, पुन्हा दाबलं की जायची. "आणि फळ्यावर लावता त्यात?" त्यांनी विचारलं. मी सहज म्हटलं, "फळ्यावरच्या प्रतीत तो थर बंद असतो. संगणक आले तेव्हापासून तसंच सेट केलेलं आहे."

मामा पडद्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आणि मला ऐकू आलं नाही तरी ते काय म्हणताहेत आणि कुठं थांबले ते मला कळलं. मग ते म्हणाले, "म्हंजे अजून हाय." मी त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. बाहेरच्या आवारात जिथं पूर्वी चौकट उन्हात धरत, तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि मला त्यांनी सगळं सांगितलं.

मी ऑफिसात लागण्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. तेव्हाही बोगादीच्याच बाजूला एक नवी वसाहत झाली होती. घरं बांधून लोक राहायला आले, पण ड्रेनेज नाही. लोक रोज ऑफिसात येऊन हात जोडत होते. साहेब घाईत होते, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे साहेब माणूस वाईट नव्हता, त्याला त्या लोकांची सोय करायची होती. नकाशा झाला. वसाहतीचं सगळं घाण पाणी उताराच्या टोकाला एका मोठ्या कुंडीत गोळा व्हायचं आणि तिथून पंपानं पुढं जायचं. कुंडीच्या शेजारी एक वस्ती होती, पंचवीस-तीस घरांची, नोंद नसलेली. त्यांची एक पिण्याच्या पाण्याची विहीर होती, तीही नोंद नसलेली. मामांनी घरं पेन्सिलीत काढली, विहीर पेन्सिलीत एक गोल. कुंडी शाईत एक गोल. दोन्ही गोल शेजारी शेजारी.

दसऱ्याची सुट्टी दुसऱ्या दिवसापासून लागणार होती. सुट्टीआधी नकाशा फळ्यावर लागला तर सुट्टीचे दिवसही तिसात मोजले जाणार, म्हणून त्याच दिवशी तो लावायचा होता. मसाल्याच्या कागदाचा शेवटचा ताव उरला होता. मामांनी भर दुपारी चौकट उन्हात धरली आणि पाढा सुरू केला. तेरा साती एक्क्याण्णवला साहेबांची हाक आली. ऑफिसात सरकारी हाक आली की चौकट खाली ठेवून पळायचं. साहेबांनी दुसऱ्याच कुठल्या फाइलीवर बोलत बसवून घेतलं. मामा परत आले तेव्हा चौकट उन्हातच होती.

ऊन जास्त झालं की शाई टिकते, पेन्सिल उडून जाते. अमोनियाच्या पेटीतून कागद निघाला तेव्हा वसाहत निळ्या रेघांत स्वच्छ होती, कुंडी होती, आणि कुंडीच्या शेजारी पांढरी, मोकळी जागा. ना घरं, ना विहीर. मामा कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "शाईतलं सगळं दिसतंय ना? मग आयतु, झालं, लावा." मामांनी लावला.

"मी म्हणू शकलो असतो गे," ते मला म्हणाले, "ट्रेसिंगच घेऊन फळ्याजवळ बसलो असतो तरी चाललं असतं. त्यात पेन्सिल होती. सुचलं न्हाय असं न्हाय. सुचलं होतं. दसऱ्याला बहिणीकडे जायचं होतं, बसची वेळ झाली होती."

सुट्टी संपल्यावर एक दिवस एक बाई आली, पुट्टम्मा. पिरियापट्टणला तंबाखूची हिरवी पानं काठ्यांना बांधायच्या कामाला जाऊन नुकतीच परतली होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं की तुमच्याकडे मोरी, म्हणजे गटार, येणार आहे, ऑफिसात नकाशा लावलाय. तिला अक्षर येत नव्हतं. "नम्म मने एल्लि स्वामी?" तिनं विचारलं, आमचं घर कुठं आहे? मामांनी तिला रस्ता दाखवला, नाला दाखवला, आणि तिनं आपणहून बोट ठेवलं. बरोबर ठेवलं. पांढऱ्या जागेवर. हिरव्या तंबाखूचा चीक हाताला लागला की आठवडा आठवडा जात नाही, त्या चिकाचा तपकिरी ठसा कागदावर उमटला. "इथं तर काहीच नाही," ती म्हणाली. मामा म्हणाले, "पेन्सिलीत आहे अम्मा. आतल्या नकाशात आहे." "आहे ना?" "आहे." तिला बरं वाटलं. सरकारच्या कागदावर आपलं घर आहे हे ऐकूनच ती खूश झाली आणि निघून गेली.

"दोन गोल शेजारी-शेजारी बघितले असते," मामा म्हणाले, "तर अक्षर कशाला पाहिजे? तिनं तिथंच बोंब मारली असती."

तीस दिवस झाले. कोणाचं पत्र आलं नाही. मामांनी कागद उतरवला. आणि मग त्यांनी ते केलं, जे फक्त एखादा ट्रेसरच करील. तोवर बेंगळुरूहून नवे ताव आले होते. असला उडालेला प्रिंट आपल्या हातचा म्हणून फाइलीत जाऊ नये, म्हणून त्यांनी पाढा नीट पुरा करून नवी, सुरेख प्रत काढली. त्यात पेन्सिलीतली प्रत्येक रेघ उमटली होती. ती फाइलीत लावली आणि खराब कागद गुंडाळी करून घरी नेला. कोणाला फसवायचं मनातसुद्धा नव्हतं. कारागिराला आपलं वाईट काम दिसू नये असं वाटतं, तेवढंच.

पुढच्या पावसाळ्यात कुंडी झिरपली. वस्तीत कावीळ आली. पुट्टम्माची मुलगी मंगला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना. पोटुशी बाईला ती कावीळ सोडत नाही. आठ दिवसांत ती आणि पोटातलं मूल दोघं गेली. वस्तीचे लोक ऑफिसात आले. चौकशी झाली, फाइल निघाली. फाइलीत मामांची सुरेख प्रत होती. चौकशीच्या साहेबांनी लिहिलं की नकाशात विहीर स्पष्ट दाखवलेली होती, नकाशा तीस दिवस लोकांसमोर होता, हरकत आली नाही. वस्तीला त्यातलं शेवटचं तेवढं ऐकवलं गेलं.

पुट्टम्मा त्या दिवशी ओरडली नाही म्हणे. ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिथं आता दुसऱ्याच कुठल्या कामाचा नकाशा होता. तिनं मामांना विचारलं, "तो कागद कुठं गेला?" मामा म्हणाले, "काढला, अम्मा." कागद त्यांच्या घरी कपाटामागे होता.

हे सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "तिला सांगायचं ऱ्हायलंय." दर वर्षी दसरा झाला की ते सांगायचं ठरवून तिच्याकडे जात होते. विहीर केव्हाच बुजवली होती, वस्तीला नळ आले होते, पुट्टम्मा अजून तिथंच राहत होती. मामा जाऊन दारात उभे राहत आणि तोंडून निघे, "स्वल्प पाणी देता काय?" ती पाणी देई. ते पिऊन परत येत. मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. ते म्हणाले, पुढल्या वर्षी. दर वर्षी मी विचारी आणि दर वर्षी ते पुढल्या वर्षी म्हणत. मला त्यांचा राग यायचा. एवढा सज्जन माणूस एवढं एक वाक्य बोलायला का कचरतो, असं वाटायचं. मी स्वतः किती वर्षं एक बटण न बघता बंद ठेवलं होतं, त्याचा मात्र मला तितका राग येत नव्हता. ते बटण मी दुसऱ्या दिवशी उघडलं. साहेब कुरकुरले की नकाशा गजबजलेला दिसतो. मी म्हटलं, गाव गजबजलेलंच आहे.

शेवटी मामांना दम लागू लागला. आयुष्यभर अमोनिया ओढलेली छाती ती. हॉस्पिटलात मी दुपारी त्यांच्याजवळ बसले होते. खिडकीतून ऊन पलंगावर आलं तशी त्यांची बोटं चादरीवर मोजू लागली. मी पडदा ओढला. ते म्हणाले, "तू सांग तिला." मी हो म्हटलं. "सांगशील तर शाईनं सांग गे. पेन्सिलीत सांगू नको." मला हसवायला ते असं बोलले असावेत असं मला वाटलं. मी हसले. ते हसले नाहीत. तीन दिवसांनी ते गेले.

चौदावा झाल्यावर मामीनं कपाटामागून त्या उडालेल्या प्रिंटची गुंडाळी काढून दिली. मी घरीच उलगडून पाहिली. अमोनियाचा प्रिंट काही वर्षांनी विटतो, हे मला ठाऊक होतं. पण एवढा विटला असेल असं वाटलं नव्हतं. वसाहत गेली होती, रस्ते गेले होते, कुंडी गेली होती. शाईतलं सगळं उडून गेलं होतं. पिवळट पडलेल्या त्या मोठ्या कागदावर एकच गोष्ट ठळक होती, तंबाखूच्या चिकानं उमटलेलं एक बोट.

तो कागद घेऊन मी पुट्टम्माकडे गेले. सत्तरीच्या पुढची, बारीक, ताठ बाई. मी मामांचं नाव सांगितलं तर तिला ते माहीतच नव्हतं. वर्णन सांगितलं तेव्हा म्हणाली, "ते पाण्याच्या ऑफिसचे? दर वर्षी पाणी तपासायला यायचे. उभ्यानंच प्यायचे. मी विचारायची, पाणी बरं आहे का स्वामी? तर म्हणायचे, तुम्हीच सांगा अम्मा." ते गेल्याचं सांगितलं तशी तिनं तोंडावर पदर धरला. मग मी कागद उलगडला आणि सगळं सांगितलं. चौकट, पाढा, साहेबांची हाक, उडालेली पेन्सिल, फाइलीतली दुसरी प्रत. काही मऊ केलं नाही. मध्ये मध्ये माझंच बोलणं मला ऐकवत नव्हतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मामांबद्दल ती काही विचारील असं मला वाटलं. तिनं विचारलं, "विहीरसुद्धा होती? आतल्या कागदात?"

"होती."

"म्हणजे ऑफिसवाल्यांना आमची विहीर ठाऊक होती."

ती दाराबाहेर बघत होती. "मी इतकी वर्षं मनाला सांगत आले," ती सावकाश म्हणाली, "की त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्यासारख्यांची विहीर कुणाला ठाऊक असणार? ठाऊक नसताना झालं, मग कुणाला काय म्हणायचं. असं म्हणत दिवस काढले." तिचा आवाज चढला नाही. मीच रडत होते. जे समजून तिनं मुलीचं मरण इतकी वर्षं सोसलं, तेसुद्धा मी त्या दुपारी तिच्याकडून काढून घेतलं होतं. मामा पाणी पिऊन मुकाट्यानं परत का येत असतील ते मला तेव्हा कळलं, आणि त्यांच्यावर धरलेला सगळा राग माझ्यावरच उलटला.

मग तिनं कागदावरच्या त्या ठशावर आपलं बोट ठेवलं. बोट आता वाळलेलं, ठशापेक्षा बारीक. "आता हरकत घेतली तर चालते का?" तिनं विचारलं.

मुदत संपून किती पावसाळे झाले होते ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी पर्समधून कागद काढला आणि ती सांगेल तसं कन्नडमध्ये लिहीत गेले. तिनं फार काही सांगितलं नाही. आमची विहीर होती, तिचं पाणी गोड होतं, तिच्याशेजारी कुंडी नको. आणि खाली, माझ्या मुलीचं नाव मंगला. मी शाईनं लिहिलं. तिनं अंगठा उठवला. निघताना तिनं मला पेलाभर पाणी दिलं आणि मी ते उभ्यानं प्याले.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरूममधून ती जुनी फाइल काढवली आणि पुट्टम्माची हरकत व तो विटलेला कागद आवक टेबलावर नेला. तिथला कारकून नवा, चुणचुणीत. त्यानं हरकत वाचली, मग तो मोठा कागद उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, यात तर काहीच नाही," तो म्हणाला.

"तिलाही हाच दाखवला होता," मी म्हणाले, आणि त्याच्याकडून शिक्का मारून घेतला.